मानमोडीचे वंशज



ज्या डॉक्टरांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमलो आहोत, त्यांच्याविषयी माझ्याआधीचे दोघे मनापासून बोलले. त्यात भर घालत बसण्यापेक्षा मी थेट विषयाला हात घालतो. विषय फ्लूचा आहे. घरात ‘व्हायरल आहे, तीन दिवसांत जाईल’ म्हणून आपण ज्याला सोडून देतो, त्याचा. हा विषाणू दरवर्षी बदलतो म्हणजे नेमके काय होते आणि त्याच्याशी नांदेड-लातूरचा काय संबंध, हे मला सांगायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कोणाला मध्येच एसटी गाठायला उठावे लागले तरी हरकत नाही. या विषाणूच्या मोठ्या उडीला आपण फार भितो आणि त्याच्या रोजच्या सरकण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. १९१८ ची साथ सोडली, तर त्यानंतरच्या शतकात माणसे अधिक गेली ती या सरकण्याने.

१९१८ मध्ये आपण निजामाच्या राज्यात होतो. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचलेली होती, आणि मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज गाडी नांदेडवरून जात होती. मुंबईत १९१८ च्या जूनमध्ये पहिली लाट आली, ती मानाने सौम्य. सप्टेंबरात दुसरी आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. साथ पसरवण्यात रेल्वेचा मोठा हात होता, हे त्या वेळच्या सॅनिटरी कमिशनरनेच लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी पावसाने दगा दिला, ज्वारी महागली, अंगात ताकद नसलेल्या माणसांना साथीने गाठले. खेडोपाडी लोक तिला मानमोडी म्हणू लागले.

देशभरात किती माणसे गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आहेत. निजामाच्या राज्याची लोकसंख्या १९११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ३४ लाख होती, ती १९२१ मध्ये सुमारे १ कोटी २५ लाख भरली. दहा वर्षांत वाढायची ती नऊ लाखांनी घटली. यात प्लेगचा आणि दुष्काळाचाही वाटा आहे, सगळे पाप मानमोडीच्या माथी मारता येणार नाही. पण भारताच्या जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटलेले हेच एक दशक आहे.

ज्या विषाणूने हे केले तो त्या काळी कोणी पाहिलेला नव्हता. डॉक्टरांचा संशय एका जिवाणूवर होता. माणसातला फ्लूचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा काढला गेला तो १९३३ मध्ये, लंडनला. मग १९१८ चा विषाणू कसा होता हे आज आपल्याला कसे कळते?

अलास्कात ब्रेव्हिग मिशन नावाची एक छोटी वस्ती आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये तिथल्या ८० प्रौढांपैकी ७२ जण पाच दिवसांत मरण पावले आणि बर्फाळ जमिनीत एकत्र पुरले गेले. योहान हुल्टिन हा तरुण संशोधक १९५१ मध्ये तिथे गेला, गावकऱ्यांची परवानगी घेऊन त्याने खोदले, फुफ्फुसांचे तुकडे आणले आणि विषाणू वाढवायचा प्रयत्न केला. तो वाढला नाही. (वाढला असता तर काय झाले असते, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणाला सुचला नाही, आणि आज अंगावर काटा येतो.) सेहेचाळीस वर्षांनी त्याच्या वाचनात आले की वॉशिंग्टनमध्ये जेफ्री टाउबेनबर्गर नावाचे पॅथॉलॉजिस्ट १९१८ मध्ये मेलेल्या सैनिकांच्या जपून ठेवलेल्या ऊतींतून विषाणूच्या जनुकांचे तुकडे वाचत आहेत. हुल्टिन तेव्हा ७२ वर्षांचे होते. बायकोची बागेतली कात्री उचलून ते पुन्हा अलास्काला गेले, स्वखर्चाने. एका स्त्रीच्या देहावर चरबीचा थर जाड होता, म्हणून तिची फुफ्फुसे टिकली होती. त्यांच्यामुळे काम पुढे सरकले आणि २००५ पर्यंत मानमोडीच्या विषाणूचा सगळा जनुकक्रम वाचून झाला.

तो वाचल्यावर दोन गोष्टी कळल्या. एक, त्याची जनुके पक्ष्यांतल्या फ्लूच्या जनुकांशी फार जवळची होती. दुसरी माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची: तो विषाणू संपलेलाच नाही. फ्लूच्या ‘ए’ विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. आज माणसांत फिरणाऱ्या एच३एन२ च्या आठपैकी पाच तुकडे थेट मानमोडीच्या वंशातले आहेत. आज फिरणाऱ्या एच१एन१ चे तीन तुकडे डुकरांमधून फिरून आले, पण मूळ घराणे तेच. या पावसाळ्यात तुमच्या घरी कोणाला फ्लू झाला असेल, तर त्या विषाणूत आपल्या पणजोबांच्या काळातला काही भाग असण्याची शक्यता बरीच आहे.

आता बदलाकडे येतो. इथे मला पैठणचा आधार घ्यावासा वाटतो.

शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती गोळा करून पाठ शुद्ध केला. ज्ञानेश्वरी सांगून तोवर जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती. एका लेखकाने एक शब्द चुकीचा उतरवला, की त्याच्या प्रतीवरून उतरवणाऱ्या प्रत्येकाकडे ती चूक जाते आणि शिवाय ज्याची त्याची नवी भर पडते. दोन पोथ्यांत तीच विचित्र चूक दिसली, तर त्या एका घरातल्या. अशा चुकांच्या वारशावरून कोणती प्रत कोणावरून उतरली, हे पाठचिकित्सा करणारे अभ्यासक लावत जातात. विषाणूची वंशावळ काढणारे अगदी हेच करतात. फ्लूची पोथी साडेतेरा हजार अक्षरांची आहे, अक्षरे चारच. आणि तिचा लेखक भयंकर निष्काळजी आहे. जनुकांची नक्कल करणारे फ्लूचे यंत्र लिहिलेले परत तपासत नाही, त्यामुळे प्रत्येक नव्या प्रतीत एखाद-दोन चुका सहज पडतात. एका आजारी माणसाच्या घशात अब्जावधी प्रती तयार होतात.

(कोरोनाचे काय, असा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. कोरोनाच्या विषाणूकडे चुका दुरुस्त करणारे एक विकर असते, म्हणून त्याचा मजकूर त्या मानाने संथ बदलतो. तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दिसलेल्या एका घराण्यातून पुढे डेल्टा निघाला आणि त्याने जगभर काय केले ते आपण भोगले आहे.)

पोथीशी असलेले साम्य एका ठिकाणी संपते. बिघडलेली पोथीही एखाद्या मठात दोनशे वर्षे पडून राहते. बिघडलेला विषाणू मात्र फार टिकत नाही. बहुतेक चुका विषाणूला मारक किंवा निरुपयोगी असतात. टिकते ती चूक, जिच्यामुळे त्याला आपल्या शरीरातल्या अँटीबॉडींपासून निसटता येते. म्हणजे चुका विषाणू करतो, पण त्यांतून निवड आपण करतो. ज्या गावात निम्म्या लोकांना गेल्या वर्षी एक फ्लू होऊन गेला आहे, तिथे त्याच फ्लूची जशीच्या तशी प्रत चालत नाही. थोडी वेगळी चालते.

ही निसटण्याची जागा कुठली, हे आता फार बारकाईने माहीत आहे. विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. आपण त्याचे नाव ‘एच’ एवढेच आखडून घेऊ. एच१, एच३, एच५ यांतला एच तोच. या प्रथिनाच्या टोकाला एक खळगी आहे आणि त्या खळगीने विषाणू आपल्या पेशीवरच्या एका साखरेला धरतो. एच३एन२ हा विषाणू १९६८ पासून माणसांत आहे. १९६८ ते २००३ या काळात त्याने अँटीबॉडींना चकवणारी मोठी वळणे घेतली. केंब्रिजचे डेरेक स्मिथ आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी २००४ मध्ये त्यांचा नकाशा काढला, तेव्हा विषाणूंचे अकरा गट पडले. पुढे २०१३ मध्ये दाखवले गेले, की ही सगळी मोठी वळणे प्रथिनाच्या फक्त सात जागांवरच्या बदलांनी घडली होती. साडेपाचशेहून अधिक अमिनो आम्लांच्या साखळीत सात जागा, आणि त्या सातही त्या खळगीच्या काठावर. यामागचे कारण सरळ आहे. अँटीबॉडी खळगीच्या तोंडाशी बसली, तर विषाणूला पेशी धरताच येत नाही. म्हणून सगळी झटापट त्या काठावर चालते. काठ फार बदलला, तर पेशीही धरता येत नाही. एवढ्या अरुंद जागेत हा विषाणू पन्नासहून अधिक वर्षे निभावून नेतो आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले, तरी या सात जागांचा निबंध वाचल्यावर मला वाटलेले नवल अजून ओसरलेले नाही.

एच३एन२ ची वंशावळ कागदावर काढली, तर झाड डेरेदार दिसत नाही. एक बारीक खोड वर जात राहते, बाजूच्या फांद्या दोन-चार वर्षांत वाळतात. २०१० साली फिरणाऱ्या शेकडो घराण्यांपैकी आज ज्यांना वंशज आहेत ती फार थोडी. कधीकधी तर सबंध घराणेच नाहीसे होते. फ्लूच्या ‘बी’ विषाणूची यामागाता नावाची शाखा १९८० च्या दशकापासून फिरत होती. मार्च २०२० नंतर ती जगात कुठेही खात्रीने आढळलेली नाही. कोरोनाच्या काळात माणसे घरात बसली, मास्क लावले, आणि एक विषाणू आपण जवळजवळ न कळत संपवला. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लशीतून तिचा भाग काढून टाकायला सांगितले. वृत्तपत्रांत त्याची चार ओळींची बातमीही धड आली नाही.

हे झाले सरकणे. आता उडी.

जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय पशुरोग संस्थेत गेले आणि एच५एन१ निघाला. दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याच सुमारास नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या किवळा गावी कोंबडीची पिल्ले मेली, तिथेही बर्ड फ्लूच. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळचे मुरुंबा आणि अहमदपूर तालुक्यातली केंद्रेवाडी या गावांनी हेच पाहिले होते. आणि देशात पहिल्यांदा एच५एन१ सापडला, तोही महाराष्ट्रातच, फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. ज्यांच्या डोळ्यांदेखत हजारो कोंबड्या खड्ड्यात गेल्या, त्या पोल्ट्रीवाल्यांना या विषाणूचे नाव शिकवायची गरज नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, त्यांच्यातही एच५एन१ च होता.

फ्लूचे खरे माहेर रानबदकांमध्ये आणि पाणपक्ष्यांमध्ये आहे. बदकाच्या आतड्यात तो सहसा निमूटपणे राहतो. पक्ष्यांचा विषाणू ज्या साखरेला धरतो ती आपल्या नाकाघशात कमी आणि फुफ्फुसाच्या खोल भागात जास्त असते. म्हणून तो माणसाला सहज होत नाही, झाला तर जिवावर बेततो, आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहज जात नाही. ही साखर बदलून धरायला शिकणे, ही त्याच्यापुढची एक पायरी. दुसरी पायरी नक्कल करणाऱ्या यंत्राची. पक्ष्याचे शरीर ४१-४२ अंशांवर चालते, आपले नाक ३३ अंशांच्या आसपास. पीबी२ नावाच्या प्रथिनात ६२७ क्रमांकाच्या जागी एक अमिनो आम्ल बदलले, की हे यंत्र सस्तन प्राण्याच्या पेशीत आणि थंड नाकातही नीट चालू लागते. माणसांतल्या कितीतरी एच५एन१ नमुन्यांत हा बदल सापडलेला आहे.

आणि तिसरी वाट आहे ती आठ सुट्या तुकड्यांची. एका पेशीत दोन वेगळे फ्लू एकाच वेळी शिरले, तर बाहेर पडणाऱ्या विषाणूत आठ तुकडे दोघांकडून कसेही येऊ शकतात, म्हणजे २५६ प्रकारांनी. १९५७ मध्ये असेच झाले. माणसातल्या मानमोडीच्या वंशजाने पक्ष्यांकडून तीन तुकडे घेतले. नवा एच२एन२ मे महिन्यात सिंगापूरहून बोटीने मद्रासला उतरला आणि काही आठवड्यांत देशभर गेला. १९६८ मध्ये दोन तुकडे बदलले आणि एच३ आला. २००९ च्या विषाणूत पक्षी, माणूस आणि डुकरांची दोन घराणी, अशा चौघांचे तुकडे होते. त्याला आपण स्वाइन फ्लू म्हणालो. भारतातला त्याचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला, आणि मग पुण्याहून येणाऱ्या एसटीकडेही लोक कसे संशयाने बघत, ते या सभागृहातल्या अनेकांना आठवत असेल.

उदगीरला प्रशासनाने जी धावपळ केली ती योग्यच होती. कोंबड्यांच्या फार्मवर काम करणाऱ्या माणसाला ताप आला, तर त्याचा नमुना त्याच दिवशी घेतला पाहिजे, यात मला शंका नाही. पण हिशेब पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षीच्या साध्या, सरकत्या फ्लूने जगात २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसे जातात. १९५७, १९६८ आणि २००९ या तिन्ही उड्यांची बेरीज केली, तरी मधल्या वर्षांची बेरीज तिच्या कितीतरी पुढे जाते. कावळ्यांसाठी दहा किलोमीटरचे क्षेत्र जाहीर होते. ऑगस्टमध्ये दम्याची म्हातारी बाई ‘छातीत कफ झाला’ म्हणून चार दिवसांत जाते, तिचा विषाणू कोणता होता हे कोणी विचारत नाही.

न विचारल्याने काय होते, त्याचे एक उदाहरण सविस्तर सांगतो.

२०१५ च्या सुरुवातीला भारतात एच१एन१ ची मोठी साथ आली. त्या वर्षी सरकारी नोंदीत ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यू आहेत. मार्चमध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोन शास्त्रज्ञांनी, कन्नन थरकरामन आणि राम शशिशेखरन यांनी, एका नामांकित नियतकालिकात लिहिले की २०१४ मधल्या एका भारतीय विषाणूच्या एच प्रथिनात धोक्याचे बदल दिसतात, त्यातला २२५ व्या जागेचा बदल गंभीर आजाराशी जोडलेला आहे. इथे वर्तमानपत्रांत हलकल्लोळ झाला. दिल्लीहून आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडून, म्हणजे एनआयव्हीकडून, उत्तर आले की विषाणूत असा चिंताजनक बदल झालेला नाही. लोकांना यात परदेशी विरुद्ध देशी असा सामना दिसला. मला त्यातली दुसरीच गोष्ट खटकली. एमआयटीच्या त्या दोघांनीच म्हटले होते की मागच्या दोन वर्षांत भारतातून सार्वजनिक कोशात आलेले एच प्रथिनाचे जनुकक्रम अवघे दोन होते. सव्वाशे कोटींचा देश, आणि दोन.

त्यातही एक खाच आहे. २२५ व्या जागेचा तो बदल विषाणूला फुफ्फुसाच्या खोल भागातल्या साखरेला धरायला मदत करतो. तो जगभर अधूनमधून दिसतो, बहुतेक वेळा गंभीर रुग्णांत. विषाणू खोलवर गेल्यावर तिथेच ही चूक कामाची ठरते आणि त्या एका माणसाच्या आत निवडली जाते. पुढे दुसऱ्याला मात्र ती सहसा जात नाही. आता आपल्याकडे तपासणीचा नियम काय आहे? २००९ पासून रुग्णांचे अ, ब, क असे गट केले जातात. अ आणि ब म्हणजे घरी राहून बरे होणारे, त्यांची तपासणी नाही. क म्हणजे दवाखान्यात भरती करावे लागणारे, त्यांची तपासणी. खर्चाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे. पण त्यामुळे कोशात जाणारे आपले नमुने अत्यवस्थ रुग्णांचेच जास्त असतात. म्हणजे अत्यवस्थ माणसाच्या फुफ्फुसात जे घडले ते देशात घडत आहे असे वाटण्याचा धोका आपणच तयार करतो. त्या ४२ हजारांत तीन हजार मृत्यू, म्हणजे शंभरात सात, हा आकडाही त्याच नियमातून येतो. खरा मृत्युदर त्याच्या आसपासही नव्हता. वाद उत्परिवर्तनाचा म्हणून गाजला, पण माझ्या मते खोट नमुना कोणाचा घ्यायचा, या निवडीत होती.

खरा बदल त्याच सुमारास वेगळ्याच जागी, फारसा आवाज न करता झाला. एच प्रथिनाच्या १६२ व्या जागी एक अमिनो आम्ल बदलले आणि तिथे साखरेची एक साखळी चिकटायला जागा मिळाली. ती साखळी आड येते आणि अँटीबॉडीला खालचा भाग सापडत नाही. २००९ पासून लशीत कॅलिफोर्नियाचा विषाणू होता, तो २०१६ मध्ये बदलून मिशिगनचा घ्यावा लागला. २०१७ मध्ये आपल्याकडे पुन्हा ३८,८११ रुग्ण आणि २,२७० मृत्यू नोंदले गेले, तेव्हा फिरत होता तो हाच मिशिगनच्या जातीचा.

औषधाची गोष्ट थोडक्यात. टॅमीफ्लू या फ्लूवरच्या औषधाला दाद न देणारा एच१एन१ २००७-०८ च्या हिवाळ्यात पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो नॉर्वेत, जिथे ते औषध फारसे वापरलेच जात नव्हते. ज्या जपानात ते सर्वाधिक खपत होते, तिथे नव्हे. आधीच पडलेल्या दोन निरुपद्रवी वाटणाऱ्या चुकांमुळे त्या विषाणूला प्रतिकाराचा भार पेलता आला, असे नंतर उलगडले. वर्षभरात तो जगभर पसरला. मग २००९ ची नवी साथ आली, तिच्यावर औषध चालत होते, आणि तिने त्या जुन्या घराण्याला पार हुसकून लावले. औषधाच्या गैरवापरानेच प्रतिकार येतो, हे मी वर्गात अनेक वर्षे शिकवले. ते खरेच आहे, फक्त पुरेसे नाही.

या सभागृहात १९६८ पूर्वी जन्मलेले किती जण आहेत? बरेच हात दिसतात. तुम्हाला लहानपणी पहिला फ्लू झाला तो एच१ किंवा एच२ चा. त्यानंतर जन्मलेल्यांपैकी अनेकांना पहिला भेटला तो एच३. शरीर पहिल्या भेटीची खूण आयुष्यभर ठेवते. एच५ हा एच१-एच२ च्या कुळातला, तर चीनमध्ये माणसांना झालेला एच७ हा एच३ च्या. २०१६ मध्ये जगभरच्या रुग्णांची वये मांडून पाहिली, तर १९६८ पूर्वी जन्मलेल्यांना एच५एन१ कमी गाठतो आणि नंतरच्यांना एच७एन९ कमी गाठतो, असे स्पष्ट दिसले. कुठला विषाणू कोणाला जड जाईल, हे अशा रीतीने जन्मसालावरही ठरते. अर्थात या जोरावर आजोबांनी उदगीरचे मेलेले कावळे हातात घेऊ नयेत.

आता लशीकडे. फ्लूची साथ हिवाळ्यात येते, असे आपण इंग्रजी पुस्तकांतून पाठ केले. श्रीनगरला ती हिवाळ्यात येते. देशाच्या बहुतेक भागात, आपल्याकडेही, मोठी लाट पावसाळ्यात असते. एच१एन१ पुष्कळदा फेब्रुवारी-मार्चमध्येही उसळतो. एनआयव्हीच्या मंदीप चढ्ढा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या केंद्रांच्या नोंदींवरून हे २०१५ मध्ये नीट मांडले. मग लस ऑक्टोबरात टोचून काय साधते? पावसाच्या आधी, एप्रिल-मे मध्ये, दक्षिण गोलार्धासाठी ठरलेली लस घेणे आपल्याला सोयीचे. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांसाठी मोफत लस सुरू केली. निर्णय चांगला होता. पण मृगाच्या तोंडावर आरोग्य केंद्रात जाऊन ती मागणारी माणसे मला क्वचितच भेटतात.

लस अपुरी पडते, ही तक्रार खरी आहे. कारण लशीचा विषाणू बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, आणि तो अंड्यातही बदलतो. २०१४ नंतर पसरलेल्या एच३एन२ च्या एच प्रथिनावर १६० व्या जागी साखरेची साखळी असते. अंड्यात वाढताना ती जागा बदलली आणि साखळी गळाली. २०१६-१७ ची लस घेतलेल्यांच्या अँटीबॉडी अशा विषाणूविरुद्ध तयार झाल्या, जो माणसांत फिरतच नव्हता. तरीही मी दरवर्षी ती घेतो. अपुरे संरक्षण आणि शून्य संरक्षण यांत माझ्या वयाला मोठा फरक पडतो.

लशीत कोणता विषाणू घ्यायचा, हे वर्षातून दोनदा ठरते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिणेसाठी. विषाणूंना ठिकाणांची नावे असतात: पर्थ, टेक्सास, फुकेत, ब्रिस्बेन, व्हिक्टोरिया. जिथला नमुना, त्या ठिकाणाचे नाव. मराठवाड्यातले एकही नाव त्या यादीत नाही. इंडोनेशियाने २००७ मध्ये जगाला ठणकावले होते, की आमचे एच५एन१ चे नमुने घेता, त्यांवरून लस करता, आणि ती आम्हालाच परवडत नाही. आम्ही नमुने देणार नाही. त्या भांडणातून २०११ मध्ये नमुने आणि लाभ यांच्या वाटपाचा आंतरराष्ट्रीय करार निघाला. इंडोनेशियाकडे नकार देण्याइतके नमुने तरी होते.

२०१५ मध्येच ‘नेचर’मध्ये जगभरच्या फ्लूच्या हजारो जनुकक्रमांचा एक अभ्यास आला, त्यात एनआयव्हीचे शास्त्रज्ञही सहलेखक होते. एच३एन२ दरवर्षी पूर्व आणि आग्नेय आशियातून निघून जगभर जातो. एच१एन१ आणि बी हे मात्र भारतासारख्या देशांत सलग काही वर्षे मुक्काम ठोकून राहतात, इथेच बदलतात. म्हणजे आपण केवळ साथ घेणारे नाही, साथीचा विषाणू घडवणारेही आहोत. तो कुठे घडतो हे पाहायला पुण्याचे आणि मुंबईचे नमुने पुरणार नाहीत.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२० मध्ये कोरोनाच्या आरटी-पीसीआर तपासण्या सुरू झाल्या. रात्र रात्र जागून तिथल्या मुलामुलींनी नमुने तपासले. आरटी-पीसीआर सांगते की विषाणू आहे. तो कोणत्या घराण्यातला, ते सांगत नाही. त्यासाठी जनुकक्रम वाचावा लागतो. ते यंत्र उद्याच नांदेडला आणा, असे मी म्हणत नाही. यंत्रे येतात आणि रसायनांच्या निविदेअभावी कापडाखाली झाकून राहतात, हे मी पाहिले आहे. त्याआधीचे काम स्वस्त आहे. आठवड्याला ठरावीक संख्येने, क गटाचेच नव्हे तर अ आणि ब गटाचेही, म्हणजे चालत बाह्य रुग्ण विभागात आलेल्या खोकणाऱ्या माणसांचे स्वॅब घ्यायचे. ताप आल्यापासून तीन-चार दिवसांच्या आत घ्यायचे, कारण नंतर विषाणू कमी होतो. बर्फाच्या पेटीत घालून पुण्याला पाठवायचे. सोबतच्या कागदावर गाव, वय आणि तारीख वाचता येईल अशा अक्षरात लिहायची. एका जिल्ह्यातून आठवड्याला वीस नमुने गेले, तरी दोन पावसाळ्यांत आपल्या भागाची फांदी झाडावर दिसू लागेल.

पुढच्या वर्षीची लस ठरवणारी बैठक सप्टेंबरात आहे. त्या बैठकीपुढे जायचे असतील, तर नमुने जुलै-ऑगस्टमध्येच घ्यावे लागतात, आणि आज जुलै सुरू आहे. इथे बसलेल्या डॉक्टर मंडळींपैकी ज्यांच्याकडे ओपीडीत खोकणारी रांग लागलेली आहे, त्यांच्याशी मला चहाच्या वेळी याविषयीच बोलायचे आहे.